'अन्योन्य'ची पुण्याई आणि पाच लाखांची मर्यादा

बँकांनी ठेवविम्यापोटी भरावयाचा हप्ता यापुढे प्रत्येक बँकेच्या आर्थिक प्रकृतीनुसार ठरेल, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केले. आजवर सर्वांना एकच दर होता. शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे. २०२६-२७पासून सुदृढ बँकांना त्यात सवलत मिळेल. ठेवीदाराचे संरक्षण मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे पाच लाख रुपयांचे राहते. बँक पारखण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर आहे, आणि ही पारख आपण बहुधा ओळखीवर व नावलौकिकावर करतो. तसे करणे किती महाग पडू शकते, हे वडोदऱ्याने अनुभवले आहे.

विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ५ फेब्रुवारी १८८९ रोजी त्या शहरात 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला १९०४मध्ये. मंडळी त्याआधी पंधरा वर्षे उभी होती. देशातील सहकारी पतपेढ्यांचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. पुढे तिची बँक झाली. एवढी पुण्याई गाठीशी असूनही २००७मध्ये रिझर्व्ह बँकेला तिच्यावर निर्बंध घालावे लागले आणि नंतर ती बंद पडली. त्या काळी विम्याची मर्यादा होती अवघी एक लाख. त्याच शहरात सयाजीराव गायकवाडांनी १९०८मध्ये स्थापलेली बँक ऑफ बडोदा १९१३नंतरच्या पडझडीतून तगली आणि आजही उभी आहे. दोघींच्या नावाला प्रतिष्ठा होती. फरक होता तो ताळेबंदात, आणि ताळेबंद वाचतो कोण?

गोमंतकीयांना हे परके वाटू नये. म्हापसा अर्बनचा परवाना २०२०मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१मध्ये रद्द झाला.

पाच लाखांची ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२०पासूनची. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना मिळून लागते. म्हणजे पणजीत तीन आणि फोंड्यात तीन लाख ठेवले तरी एक लाख उघड्यावरच. शिवाय मर्यादेत व्याजही धरले जाते, म्हणून नेमके पाच लाख ठेवणाऱ्याचे व्याज विम्याबाहेर पडते. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळे खाते मानले जाते. पती-पत्नींनी या सोयीचा उपयोग अवश्य करावा. वेगळ्या बँकेतील ठेवींना स्वतंत्र संरक्षण मिळते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हा विमा मुळीच नाही. निवृत्तीची सारी पुंजी अर्ध्या टक्क्याच्या लोभाने तेथे नेणाऱ्यांनी निदान एवढे जाणून जावे.

२०२१च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत तिष्ठावे लागे. तेवढ्यात कुणाचे लग्न, कुणाची शस्त्रक्रिया खोळंबे. ही सुधारणा मोठीच आहे. पण पाच लाखांवरचे पैसे आजही अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून असतात.

जोखमीनुसार हप्ता ठरवायचाच, तर बँक कोणत्या श्रेणीत बसते हे शाखेच्या दर्शनी फलकावर, व्याजदरांच्या शेजारी लिहिण्याची सक्तीही रिझर्व्ह बँकेने करावी. दुबळ्या बँकांतून ठेवी पळतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पळू द्याव्यात, त्या भीतीनेच संचालक वेळीच जागे होतील.