तबकडीखालची फळी

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी धुळ्याहून दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे वडीलबंधू. वय वर्षे ७८. "तू या सदरातून लोकांना पंख्याला तेल केव्हा घालावे ते शिकवत असतोस, तर एकदा इकडे ये. सुई उडते." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

ज्यांच्या घरी तबकडीचे यंत्र आहे त्यांना या दोन शब्दांतले दुःख समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. गाणे ऐन रंगात आलेले असते, आणि मध्येच 'खट्' होऊन गवई एकदम पुढच्या आवर्तनात जाऊन बसतो. वर तबकडीला ओरखडा पडतो तो कायमचा.

जळगावहून एस.टी.ने एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला पोचलो. घर आमचे वडिलोपार्जित. दगडमातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, आणि वर कडीपाटाची माडी. दादांची सात वर्षांची नात जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. "वर नाही का जायचे?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "आबा गाणे ऐकताहेत. मी चालले की सुई उडते. मला बंदी आहे."

वहिनी २०२२ साली गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी भीमसेनांची एक लाँगप्ले तबकडी लावायची हा दादांचा नेम आहे. वहिनी होत्या तेव्हा एक बाजू संपली की स्वयंपाकघरातून हाक येई, "उलटी करा हो!" त्या तबकडीवर आता दोन नवे ओरखडे होते, आणि पोरीचा माडीवरचा वावर बंद झाला होता. यांतले दादांच्या मनाला अधिक काय लागले होते, ते मी विचारले नाही.

माडीवर गेलो. मुंबईच्या पुतण्याने मोठ्या हौसेने एक मांडणी आणून दिली होती. चकचकीत नळ्या, काचेच्या चार फळ्या, खाली खिळ्यासारखे टोकदार पाय. किंमत ऐकून मी पाणी मागितले. वरच्या फळीवर यंत्र, त्याखाली अँप्लिफायर, आणि जागा वाचावी म्हणून दोन्ही स्पीकरही त्याच मांडणीवर! सुई उडू लागल्यावर दादांनी आपल्या कल्पनेने यंत्राखाली गोधडीची चौघडी घातली होती. "त्याने जास्तच उडायला लागली," ते म्हणाले.

आता वाचकहो, सुई करते काय याचा जरा विचार करा. तबकडीच्या खाचेतली नागमोड ती वाचते. ही नागमोड मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या हिशेबातली, आणि हळू सुरांत त्याहूनही बारीक. गवयाचा आवाज आणि पोरीचे पाऊल यांतला फरक सुईला कळत नाही. जे हलेल ते ती गाऊन दाखवते. म्हणून मांडणी घेताना 'कोणती छान दिसते' हा प्रश्न मागाहून. 'आपल्या घरात हलते काय आणि कुठून' हा आधी.

याची परीक्षा फुकटात होते. मोटार बंद ठेवावी. थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवावी, आवाज बेताबेताने नेहमीइतका वाढवावा, आणि फळीवर बोटाने टिचकी मारावी. मग जमिनीवर टाच आपटावी. स्पीकरमधून जे ऐकू येईल ते तुमच्या मांडणीचे प्रगतिपुस्तक. (परीक्षेला जुनी, टाकाऊ तबकडी घ्या. मी घेतली होती.) दादांकडे टिचकी मारताच काच घुंगरासारखी वाजली. टाच आपटली तेव्हा सुईने उडीच घेतली. आवाज जरा चढवला, तर स्पीकर आपोआप घुमू लागले. स्पीकरचा हादरा मांडणीतून सुईत, सुईचा पुन्हा स्पीकरांत, असे ते भाऊबंदकीच्या भांडणासारखे वाढतच जाते. स्पीकर आणि यंत्र एका फळीवर ठेवू नये ते याकरिता. आमच्या वडिलांच्या रेडिओग्रॅममध्ये दोन्ही एकाच पेटीत असत हे खरे. पण त्यात थाळा स्प्रिंगांवर असे आणि खर्जाचा आवाज बेताचाच, म्हणून निभावून जाई.

पुतण्याची मांडणी वाईट होती असे मुळीच नाही. माझ्या जळगावच्या फ्लॅटात, काँक्रीटच्या स्लॅबवर, ती ऐटीत उभी राहिली असती. टोकदार पायांचे काम वस्तूला जमिनीशी पक्के बांधून ठेवण्याचे. जमीन स्थिर असेल तर उत्तम. कडीपाटाच्या जमिनीशी बांधून घेतले, तर जमिनीबरोबर नाचणे आलेच.

त्यात दादांचे यंत्र स्प्रिंगांवर झुलणाऱ्या जातीचे. एडगर व्हिल्चर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६१ साली बाजारात आणलेल्या आपल्या यंत्रात ही युक्ती केली होती. तबकडीचा थाळा आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर, आणि ती चौकट स्प्रिंगांवर. खाली कोणी टकटक केले तरी वर पत्ता लागत नाही. पुढे स्कॉटलंडच्या लिन कंपनीनेही हीच वाट धरली. युक्ती नामी, पण अशी चौकट सेकंदाला तीन-चार-पाच झोके घेते, आणि चालत्या माणसाखाली लाकडी जमीनही तशीच संथ हेलकावते. झुल्यावर झुला टांगल्यासारखे झाले. गोधडीने तिसरा झुला टांगला. मऊ जमिनीवर मऊ बैठक देऊ नये ही गोष्ट मला स्वतःला तीस वर्षांपूर्वी स्पंजाचे तुकडे घालून कळली होती, म्हणून दादांना हसायचा अधिकार मला नव्हता.

उपाय समोरच उभा होता, आमच्या पणजोबांच्या वेळेपासून. भिंत! माडी हलते तेव्हा दीड हाताची भिंत हलत नाही. मात्र भिंतीतही डावेउजवे करावे लागते. ज्या भिंतींत कड्यांची टोके रुतलेली आहेत त्या पावलांचा थोडाफार हादरा घेतात. कड्यांना समांतर जाणारी भिंत अधिक निवांत. तशी एक सापडली. तीही रस्त्याच्या बाजूची नव्हती.

गल्लीतल्या गवंड्याला बोलावले. भिंतीत ठोकायचे प्लग आणि फुगणारे बोल्ट बाजारात पुष्कळ मिळतात, पण ते काँक्रीटचे सोबती. मातीच्या जुडाईतून ते मुळ्यासारखे उपटून येतात, आणि ड्रिलच्या हादऱ्याने दगड सैल होतात तो तोटा निराळा. गवंड्याने छिन्नीने दोन खाचा काढल्या, लोखंडी अँगलची शेपटे वीतभर आत घालून सिमेंटाने बुजवली, आणि आठ दिवस हात लावू नका म्हणून बजावले. वर ठेवायला परसात स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला कडाप्पा होता. २० इंच लांब, १६ इंच रुंद, एक इंच जाड. गवंड्याने तो उचलून पाहिला. "भाऊ, हाऊ दगड भारी शे," म्हणाला. भारी होताच, तेरा-चौदा किलोंचा ऐवज. आम्हाला तोच हवा होता. कडाप्प्याचा एकच दोष, टिचकी मारली की वाजतो. चार कोपऱ्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की गप्प बसतो. अँगल आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो त्या चकचकीत मांडणीच्या विसाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. हे पुतण्याला कळवू नये असे आमचे ठरले आहे. तो हे सदर वाचत नाही.

स्पीकरांसाठी लोखंडी चौकोनी नळ्यांच्या दोन तिवया वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या. बसल्यावर जिथे कान येतो तिथे वरचा लहान स्पीकर यावा, इतकी त्यांची उंची. पोकळ नळी घंटेसारखी वाजते, म्हणून आत चाळून वाळवलेली वाळू भरली. पाय टोकदार केले नाहीत. खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली रबर.

मांडणीही फुकट गेली नाही. तिच्यावर अँप्लिफायर एकटाच ऐसपैस बसला आहे. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा त्याच्या डोक्यावर निदान वीतभर जागा मोकळी हवीच. वर तबकड्या किंवा विणलेला रुमाल नको. तबकड्या काचेवर रचायचा दादांचा बेत मात्र मी हाणून पाडला. शंभर लाँगप्ले म्हणजे वीस-पंचवीस किलो. त्यांना जाड सागवानी फळी पाहिजे. आतून १३ इंच उंच, तितकीच खोल, आणि फूटफूटभर अंतरावर उभे आडोसे, म्हणजे तबकड्या ताठ उभ्या राहतात. कलत्या राहिल्या तर वैशाखात पापडासारख्या वाकतात. पश्चिमेची भिंत टाळावी. वाळवीचे तुम्हीच बघा.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा थाळ्यावर बरोबर मध्ये आणला, टिचकीची परीक्षा घेतली, टाच आपटली. अगदी लांबून आल्यासारखे बारीकसे 'ठप्'. दादांनी भीमसेनांची तबकडी लावली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन नातीला हाक मारली. ती चवड्यांवर चालत वर आली.

"नीट चाल," दादा म्हणाले.

ती नीट चालली. सुई जागची हलली नाही. मग ती दारापासून खिडकीपर्यंत धावली, आणि परत धावली. खालच्या मजल्यावर माती पडली असेल, पण वर गाणे चालू होते. जुन्या ओरखड्यांपाशी दोनदा 'टिक् टिक्' झाले तेवढेच. बाजू संपली तशी पोर यंत्रापाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, आता ही उलटी करायची ना?"

दादांनी काही क्षण उत्तर दिले नाही. मग तिला जवळ घेऊन तबकडी कडेला कशी धरायची, मधल्या कागदाला आणि कडेलाच तेवढा हात कसा लावायचा, फुंकर का मारायची नाही, हे सारे त्यांनी सविस्तर दाखवायला घेतले. मी पारोळ्याकडची एस.टी. धरायला उठलो होतो, पण दुसरी बाजू लागेपर्यंत ती निघून गेली होती.