‘शेकडा तीन’ की ‘साडेतीन टक्के’? वाचा, कर्ज खरेच किती महाग

शाळेची फी किंवा दवाखान्याचे बिल अंगावर आले की नजर दोन गोष्टींकडे जाते, कपाटातले सोने आणि पाकिटातले क्रेडिट कार्ड. सावकार ‘शेकडा तीन’ सांगतो, कार्ड कंपनी ‘साडेतीन टक्के’. आकडे लहान वाटतात, कारण ते महिन्याचे आहेत. ५० हजार रुपयांवर हिशेब करून पाहू.

सोने गहाण ठेवले तर?

शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये. दर झाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सरकारने तारण कर्जासाठी ठरवलेला कमाल दर मात्र शेतकऱ्यांना वर्षाला ९ आणि इतरांना १५ टक्के आहे. म्हणजे वर्षाचे व्याज फार तर ७,५०० रुपये. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

कार्डाचे बिल थकले तर?

साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. एकूण २,०६५. तुम्ही २,५०० रुपये भरले, तर मुद्दल जेमतेम ४३५ रुपयांनी कमी होते. करासह वर्षाचा दर ५० टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख काढल्यास व्याज त्याच दिवसापासून, शुल्क वेगळे.

कर्ज घेण्याआधी हे विचारा

• दर महिन्याचा की वर्षाचा?
• शुल्क आणि कर धरून एकूण किती रुपये परत करायचे?
• पावतीवर दागिन्याचे वजन आणि व्याजदर लिहिला आहे का?

सावकार जादा व्याज मागत असेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्था सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी वार्षिक खर्च सांगणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचे केले. कार्डाची थकबाकी मात्र त्यातून वगळली. सर्वांत महागड्या कर्जालाच ही सूट कशासाठी? ‘किमान रक्कम’ ठळक छापणाऱ्या बिलावर, तेवढीच भरत राहिल्यास एकूण किती रुपये जातील, हेही तितकेच ठळक छापायला हवे.