घरचे कागद : गाडीच्या वेगाचं समन्स आलं, आता काय?



गेल्या महिन्यात आपण घराचा उतारा कसा वाचायचा ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती वेगळ्याच कागदाची. "गाडीचं चलन आलं होतं, भरायचं राहून गेलं. आता कोर्टाचं समन्स आलंय. काय करू?" विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. नोकरी पुण्यात नाहीतर बेंगळुरात, गाडी वडिलांच्या नावावर, पत्ता बेळगावचा. म्हणजे वेग मुलाचा आणि कागद बाबांच्या नावाने.

आपल्याकडे हा प्रकार जरा जास्तच घडतो. केए २२ पाटीची गाडी एका महिन्यात तीन राज्यांत फिरून येते. सकाळी चोर्ला घाटातून गोव्यात, पुढच्या शनिवारी निपाणीवरून कोल्हापूर-पुणे. चलन कुठल्या राज्यात फाटलं, संदेश कुठल्या भाषेत आला, कुणाच्या फोनवर आला, याचा मेळ लागेपर्यंत तारीख निघून जाते. म्हणून आज हा कागद नीट उलगडून बघू.

चलन वेगळं, समन्स वेगळं

चलन म्हणजे पोलिसांनी किंवा परिवहन खात्याने केलेली नोंद. तुम्ही ठरलेली रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटतं. कायद्याच्या भाषेत ही तडजोड. ती मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम २०० खाली होते आणि तिची रक्कम प्रत्येक राज्य ठरवतं. म्हणून कोल्हापूरच्या मित्राला आलेला आकडा आणि तुम्हाला आलेला आकडा सारखा असेलच असं नाही.

चलन भरलं नाही की प्रकरण कोर्टाकडे जातं. बऱ्याच ठिकाणी ते आधी आभासी न्यायालयात जातं, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टात. असं पहिलं कोर्ट दिल्लीत २०१९ साली सुरू झालं, नंतर इतर राज्यांत आली. तिथे गाडीच्या नाहीतर चलनाच्या नंबरावरून प्रकरण दिसतं, दंड किती तेही दिसतं. दोनच वाटा असतात : दंड मान्य करून तिथेच भरायचा, किंवा मान्य नाही असं कळवायचं. मान्य नाही म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं आणि तिथे जबाब द्यावा लागतो.

काहीच केलं नाही तर समन्स येतं. समन्स हा कोर्टाचा हुकूम आहे. अमुक तारखेला हजर राहा, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही दोषी आहात असं त्यात म्हटलेलं नसतं. पण ते आल्यावर गप्प बसलं तर कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि हजार-दोन हजारांच्या गोष्टीसाठी पोलीस दारात येऊ शकतात.

ओळखीतल्या एका घरातली गोष्ट सांगतो. निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेले. गाडी त्यांच्या नावावर, मुलगा पुण्यात चालवायचा. चलनाचे संदेश जात होते एका जुन्या नंबरवर, तो नंबर बंद होऊन तीन वर्षं झालेली. मग एक दिवस पोलीस समन्स घेऊन दारात. मास्तरांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि पोथीत ठेवून दिली. मुलाला सांगितलं नाही, कारण "त्याच्या नोकरीत कटकट नको". बायकोला सांगितलं नाही, कारण ती घाबरेल. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आयुष्यभर वर्गात शिकवलेलं. रात्ररात्र झोप नाही, रक्तदाब वाढलेला, तारीख उलटून गेलेली. जामीनपात्र वॉरंट आलं तेव्हा कुठे घरात कळलं. मुलगा रजा काढून आला, वकील घेऊन बाबांबरोबर कोर्टात गेला. वॉरंट रद्द झालं, दंड भरला, दुपारी जेवायला दोघे घरी. काम अर्ध्या दिवसाचं होतं, मास्तरांनी त्यासाठी दोन महिने सोसलं.

मुलाच्या हिशोबात तो हजार रुपयांचा विषय होता. बाबांच्या हिशोबात तो अब्रूचा विषय होता. आपल्या घरांत हे दोन हिशोब एकमेकांना कधी दाखवलेच जात नाहीत. त्या म्हणीबद्दलही एक सांगावंसं वाटतं. ती म्हण भाऊबंदकीचे दावे लावून घरदार बुडवणाऱ्यांसाठी आहे. कोर्टाने बोलावल्यावर न जाण्यासाठी नाही.

समन्स हातात आलं की आधी हे बघा

कोणत्या कोर्टाचं आहे, प्रकरण क्रमांक काय, कलम कोणतं, तारीख कोणती. कागदावर कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे समन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही येऊ शकतं, त्यावर शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही असते. याच संहितेत आणखी एक बदल आहे. ज्याच्या नावाचं समन्स आहे तो सापडला नाही तर पूर्वी ते घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यायचे. आता घरातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीकडे देता येतं. म्हणजे आई एकटी घरी असली तरी तिने घेतलेलं समन्स तुम्हाला पोचलं असंच धरलं जाऊ शकतं. म्हणून आईला एवढंच सांगून ठेवा : कागद आला तर घे, फोटो काढ आणि लगेच मला पाठव.

प्रकरण खरं आहे का, हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून तपासता येतं. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाईल आली तर तिला हात लावू नका. ती फाईल उघडून अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता "डॉट गव्ह डॉट इन" असा संपतो. कोर्ट कुणाच्या खासगी नंबरवर यूपीआयने पैसे मागत नाही. आणि "डिजिटल अटक" नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा.

वेगाच्या गुन्ह्यात कायदा काय म्हणतो

कलम १८३. १ सप्टेंबर २०१९ पासून हलक्या वाहनाला दंड १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला २,००० ते ४,०००. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर परवाना जमा करून घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे "भरू की दंड, त्यात काय" असं म्हणणाऱ्याने दुसऱ्या वेळेचा विचार करावा. गाडी धोकादायक पद्धतीने चालवण्याचं कलम वेगळं, १८४. त्यात कैदेचीही शिक्षा आहे. समन्सवर १८४ असेल तर वकिलाशिवाय जाऊ नका.

आता तुमच्या बाजूच्या गोष्टी. साक्षीदाराला नुसतं "गाडी जोरात होती असं वाटलं", एवढ्या एकाच मतावर शिक्षा होत नाही. ते मत यंत्राने घेतलेल्या मोजमापावर आधारलेलं हवं. कलम २०९ सांगतं की वेगाच्या गुन्ह्यात त्याच वेळी ताकीद दिलेली हवी, किंवा १४ दिवसांत नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवलेली हवी, किंवा २८ दिवसांत समन्स पोचलेलं हवं. याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ तुमचा नाव-पत्ता वेळेत मिळूच शकला नाही तर. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नवं करावं लागतं, आणि नोटिशीबरोबर फोटो, ठिकाण, तारीख, वेळ आणि मोजलेला वेग द्यावा लागतो.

म्हणून आधी फोटो उघडून बघा. गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल जुळतं का? तुमच्या नंबरची खोटी पाटी दुसऱ्याच गाडीवर असल्याचे प्रकार घडतात. तसं असेल तर त्या दिवशी गाडी कुठे होती याचे पुरावे जमवा : फास्टॅगची नोंद, पेट्रोलची पावती, ऑफिसच्या पार्किंगची नोंद. गाडी विकली असेल पण नाव बदललं नसेल तर नोटीस तुमच्याच घरी येणार. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत हस्तांतर कळवावं लागतं.

फोटोत गाडी तुमचीच आणि वेगही खराच असेल, तर सरळ मान्य करा. कलम २०८ मध्ये अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी सोय आहे. समन्सवर तसं लिहिलेलं असेल तर तारखेच्या आधी गुन्हा कबूल करून रक्कम कोर्टाकडे पाठवता येते. कायद्यात अजून मनीऑर्डर हाच शब्द आहे. वकिलामार्फत हजर राहण्याचीही मुभा असते. तेव्हा सत्तरीच्या बाबांना प्रत्येक वेळी दीडशे किलोमीटर नेण्याची गरज नसते, पण समन्सवर काय लिहिलंय ते वकिलाला दाखवून खात्री करा. गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं तर मालकाने ती माहिती देणं बंधनकारक आहे. अशा वेळी बाबांना खोटं बोलायला लावू नका.

भाषेची भीती असते, तीही समजते. पण आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगायची, असा फौजदारी प्रक्रियेचाच नियम आहे. कोर्टात "मला समजलं नाही" म्हणण्यात कमीपणा नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० ही त्यांची मदतवाहिनी.

लोकअदालतीची वाट बघावी का? तिथे तडजोड होते, निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नसतं. कधी कधी सरकार सवलतही देतं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या चलनांवर निम्मी सूट होती आणि भरायला रांगा लागल्या होत्या. पण "सवलत येईल तेव्हा भरू" म्हणून हातातलं समन्स बाजूला ठेवू नका. तारीख कुणासाठी थांबत नाही.

आणि वेगाचं काय?

बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. ताशी ८० ने सलग गेलात तर ८३ मिनिटं, १०० ने ६६. वाचली सतरा मिनिटं, तीही मध्ये टोल, ट्रक, तवंदी घाट काहीच नाही असं धरून. आता दुसरा हिशोब. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ५० ची गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते. ८० ची गाडी साधारण ५८ मीटर घेते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीला अजून पुरते ब्रेकही लागलेले नसतात. हायवेलगतच्या गावात शाळा सुटलेली असते, कुणी उसाची गाडी वळवत असतं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे. त्यातल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग हे कारण दिलं आहे.

पी.यू. कॉलेजातल्या भाच्या-पुतण्यांच्या हाती परवान्याआधी बाईक देणाऱ्या काका-मामांनाही एक ओळ : अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

या रविवारी एक काम करा. बाबांच्या नावावरच्या गाडीचं आरसी काढा, परिवहनच्या संकेतस्थळावर त्यावरचा मोबाईल नंबर बघा. जुना असेल तर बदलून घ्या. गाडी तुम्ही चालवता तर नंबर तुमचाच घाला, म्हणजे संदेश आला तर तुम्हाला येईल. थकलेली चलनं तिथेच दिसतील, ती तपासा, खरी असतील ती भरा. आणि बाबांना एकदा समोर बसवून सांगा : "असला कागद आला तर त्याच दिवशी मला फोन करा. माझ्या कामात काही अडत नाही."

पुढच्या महिन्यात : आजी-आजोबांच्या बँक खात्यावर वारसाचं नाव कसं लावायचं.