सोनं डोंगराएवढं, गोष्ट मूठभर!

दोस्तांनो, मे महिन्यातलं ऊन नागपूरकरांना काय सांगायचं! दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि कूलरसमोरची जागा कुणी सोडत नाही. मग घरबसल्या सिनेमा पाहायचा. तोही उन्हातलाच असला तर? म्हणून आज 'मॅकेनाज् गोल्ड'बद्दल बोलू या. हा इंग्रजी सिनेमा १९६९ सालचा. अमेरिकेत तो फारसा चालला नाही, पण आपल्या देशात तुफान चालला. आजोबांना विचारून पाहा, कदाचित त्यांनी तो टॉकीजमध्ये पाहिलाही असेल!

गोष्ट आहे १८७४ सालची, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वैराण मुलखातली. सोन्याने भरलेल्या दरीचा नकाशा मार्शल मॅकेनाच्या (ग्रेगरी पेक) हाती लागतो. तो नकाशावर एक नजर टाकतो आणि तो चक्क जाळून टाकतो. आता वाट फक्त त्याच्या डोक्यात! कोलोराडो नावाचा दरोडेखोर (ओमर शरीफ) त्याला पकडतो आणि टोळी सोन्याच्या शोधात निघते.

दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन, निर्माते कार्ल फोरमन आणि नायक पेक यांनी याआधी १९६१ साली 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा गाजलेला सिनेमा दिला होता. त्यामुळे आपण मोठ्या आशेने बसतो. पण इथे काही दृश्यांतले डोंगर अगदी खेळण्यातले वाटतात! एवढा पैसा खर्च करूनही असं का व्हावं?

अर्थात खरी निराशा निराळीच आहे, बरं का. वाटेत गावातली प्रतिष्ठित माणसं टोळीला येऊन मिळतात. त्यांत धर्मोपदेशक आहे, दुकानदार आहे, वर्तमानपत्राचा संपादकसुद्धा आहे. अशी माणसं दरोडेखोरांच्या मागे का निघाली असतील? आपण हा विचार करतो न करतो तोच सैनिकांच्या हल्ल्यात ती मारली जातात. हातातली चांगली गोष्ट सिनेमाने अशी सोडून दिली!

एक माणूस मात्र लक्षात राहतो, सार्जंट टिब्ज (टेली सॅवलास). टोळीचा पाठलाग करताना तो निरोपाच्या निमित्ताने आपले शिपाई एकेक करून परत पाठवतो. उरतात फक्त दोन. त्यांना तो स्वतःच्या हाताने मारतो आणि सोन्यासाठी टोळीला सामील होतो! लोभ पडद्यावर दाखवायला सोन्याचा डोंगर लागत नाही. माणूस कसा पायरीपायरीने घसरतो, ते दाखवावं लागतं. ते तर कमी पैशातही जमतं.

उंच सुळक्याची सावली सरकत सरकत वाट दाखवते, तो प्रसंग मात्र चुकवू नका. शेवट मी सांगणार नाही! आणि आईबाबा, काही दृश्यं लहानांसाठी नाहीत, तेव्हा आधी तुम्ही पाहा.

आता तुमचं काम. वहीत दोनच ओळी लिहा : तो दुकानदार चालतं दुकान सोडून का निघाला असेल? बघा, तुमची गोष्ट सिनेमापेक्षा सरस होते की नाही!