'रेयांश' म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या दोन-अडीच वर्षांत खारघर-कामोठे-नवीन पनवेल पट्ट्यात मी डझनभर तरी बारशी जेवलो असेन. वय आणि मित्रमंडळी दोन्ही त्याच टप्प्यावर आहेत, इलाज नाही. प्रत्येक बारशाला एक प्रसंग ठरलेला. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव जाहीर होतं, टाळ्या पडतात, आणि मागच्या खुर्चीवरची पणजी शेजारणीला विचारते, "काय म्हणाली गं?" शेजारीण सांगते. पणजी पुन्हा विचारते. शेवटी बाळाचा बाप येऊन मोठ्यांदा सांगतो, "रेयांश, आजी. युनिक आहे. नेटवर शोधलं."

तर मंडळी, माझं भांडण या 'युनिक'शी आहे. बाळाशी नाही, आणि बापाशीही फारसं नाही (चांगला मित्र आहे, शिवाय बासुंदी झकास होती).

आम्ही डेटाबेसवाले 'युनिक' हा शब्द जरा जपून वापरतो. जो कॉलम युनिक, त्यात तीच व्हॅल्यू दुसऱ्यांदा घालायला गेलं की सिस्टीम सरळ एरर देते. माणसांसाठी असा कॉलम सरकारने करून ठेवलाय. त्याला आधार म्हणतात, 12 आकडी आहे, आणि त्याने कुणी कुणाला जेवायला हाक मारत नाही. नावाकडून ते काम का करून घ्यायचं? त्यातून 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लागतं. चार भाग! तुमचा मुलगा साधा गणेश असला तरी तीच आई, तोच बाप आणि तेच आडनाव लावणारा दुसरा गणेश शोधायला बरंच हिंडावं लागेल.

आणि गंमत म्हणजे एवढा खटाटोप करून नाव युनिक होतच नाही. हल्लीची नावं ओळीने म्हणून बघा: रेयांश, कियांश, अयांश, विवान, विहान, कियान, अयान, रिआन. यात अक्षरं कुठली? य, र, व, न, श. फार तर क आणि ह. घ नाही, ध नाही, भ नाही, ठ नाही, ण नाही, आणि ळ तर हद्दपारच. मराठीत तिसाच्या वर व्यंजनं असताना सगळे आईबाप त्याच पाच-सात अक्षरांत हात घालतात, वर शेवटही 'आन' किंवा 'आंश'नेच करतात. पाच अक्षरांतून पासवर्ड बनवायचा आणि तो दुसऱ्या कुणाचा नसेल अशी आशा करायची! वाढदिवसाचं जुनं कोडं आठवा. वर्षाला 365 दिवस, तरी फक्त 23 माणसं जमली की त्यात कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. इथे तर 365 पर्यायसुद्धा नाहीत. माझ्या भाचीच्या छोट्या शिशूत दोन रेयांश आणि एक रियांश आहे. बाई 'रेयांश पी', 'रेयांश एम' अशी हाक मारतात. आमच्या वर्गात सचिन पाटील आणि सचिन म्हात्रे होते. फिरून तिथेच आलो की!

सचिनवरून आठवलं. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. 1973 मध्ये मुलगा झाला, तेव्हा सचिन देव बर्मन आवडायचे म्हणून त्यांनी त्याचं नाव सचिन ठेवलं. मराठी घरात बंगाली नाव, पण त्या नावामागे एक माणूस होता, त्याची गाणी होती. पोराने मोठेपणी विचारलं तर सांगायला गोष्ट होती. 'नेटवर शोधलं' ही काय गोष्ट झाली?

बरं, नेटवर शोधता ते अर्थ तरी तपासता का? आरव. साइट म्हणते 'शांत'. संस्कृत कोश उघडा, आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. (रात्री दोनला बाळ भोकाड पसरत असेल तर नाव अगदी सार्थ.) अनय. नय म्हणजे नीती, मग अनय म्हणजे काय ते पाचवीतला पोरगाही सांगेल. कियान. साइट म्हणते 'देवाची कृपा'. हे नाव फारसी आहे आणि त्याचं नातं राजांशी आहे. फारसी नावाला माझी अजिबात हरकत नाही. शहाजीराजांचं नावच नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवलं असं परंपरा सांगते. पण फारसी ठेवताय तर फारसी आहे हे माहीत तरी असू द्या! आणि आपला रेयांश. 'रै' म्हणजे धन, त्याला 'अंश' जोडला तर संधी होऊन रायंश होईल. रेयांश व्हायला इंग्रजीतला 'रे' लागतो. साइटवर अर्थ काय दिलाय? 'सूर्याचा किरण'. घ्या.

आता हा जुनं ते सोनं म्हणणार, असं वाटलं असेल. तसं नाही. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. 1858 चा जन्म, 1958 ला भारतरत्न. धोंडो म्हणजे दगड. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं लोक हौसेने ठेवत नव्हते. आधीची मुलं हाती लागलेली नसायची. मग या पोराला दगड म्हणा, केर म्हणा, म्हणजे यमाची नजर वळणार नाही, हा त्या आईचा हिशेब. दुसरं कारण याहून वाईट. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं निंद्य, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चक्क लिहून ठेवलंय. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 च्या 'बलुतं'मध्ये दगडू आणि दया हे एकाच माणसाचे दोन चेहरे समोरासमोर येतात. आणि 2014 च्या 'टाइमपास'मध्ये वस्तीतला टपोरी पोरगा कोण? दगडू. आणि त्याला आवडणारी सोज्वळ मुलगी? प्राजक्ता. पेहराव बघायच्या आधीच नावावरून आपल्याला सगळं कळतं. तेव्हा ज्या घरात तीन पिढ्या दगडू आणि कचरू होऊन गेले, त्या घराने मुलाला हवं ते झगमगीत नाव ठेवावं. तिथे मी तोंड उघडणार नाही.

माझं भांडण आपल्यासारख्यांशी आहे. दोन पगार, एक ईएमआय, शनिवार-रविवार मॉल. तेव्हाच्या आईला भीती होती की पोर हातचं जाईल. आपली भीती अशी, की पोर गर्दीत हरवेल. प्रवेशाच्या यादीत, रँकमध्ये, पुढे कुठल्यातरी कंपनीच्या हजारोंच्या बॅचमध्ये. ही भीती खोटी नाही, मलाही आहे. पण वेगळ्या नावाने ती जाईल असं समजणं म्हणजे बग तसाच ठेवून व्हेरिएबलचं नाव बदलण्यासारखं आहे. जपानातही हेच खूळ आहे, तिथे अशा नावांना 'किराकिरा' म्हणजे चमचमती नावं म्हणतात. लिहायचं एक आणि वाचायचं भलतंच, असा प्रकार इतका वाढला की 26 मे 2025 पासून तिथल्या सरकारने नावाच्या उच्चाराचीही नोंद सुरू केली. आपल्याकडे असा कायदा नको, नाहीतर त्याच्याही रांगा लागतील.

पनवेलकरांना तर नावाची किंमत सांगायलाच नको. जून 2021 मध्ये, ऐन करोनात, विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून इथली हजारो माणसं रस्त्यावर उतरली. 10 तारखेला मानवी साखळी, 24 ला सिडकोवर मोर्चा. जमिनी गेल्या, निदान नाव तरी आपल्या माणसाचं राहू दे, एवढी साधी गोष्ट होती. युनिक नाव पाहिजे अशी घोषणा कुणी दिली नाही.

खरंच वेगळं नाव हवंय? मग गॅलरीत उभे राहून पूर्वेकडे बघा. प्रबळगड. प्रबळ! अर्थ सांगावा लागत नाही, ळ आहे, आणि वर्गात दुसरा निघाला तर मी हरलो. दक्षिणेला वळलात तर माणिकगड. माणिक हे नाव मुलाला चालतं आणि मुलीलाही. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, आणि माणिक वर्मा तुम्हाला ठाऊक आहेतच. जवळच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. वासुदेव नावाचं पाच वर्षांखालचं पोर शेवटचं कधी पाहिलंत? अजून वेगळं हवं? सावता. चोखा. चोख म्हणजे अस्सल.

तोंड वाकडं झालं ना? तेच म्हणतोय मी. आपल्याला वेगळं नाव नकोच असतं. वेगळं वाटणारं, पण सोसायटीतल्या बाकी सगळ्यांसारखं हवं असतं.

"शाळेत चिडवतील" हे पहिलं उत्तर येतं. चिडवणारच. रेयांशचा 'रेशनकार्ड' व्हायला एक मधली सुट्टी पुरते. दुसरं उत्तर, "उद्या ऑनसाइट गेला तर क्लायंटला म्हणता येणार नाही." अरे, तुमचा पोरगा नोकरीला लागेल तेव्हा क्लायंट असेल की नाही याची खात्री माझ्या मॅनेजरला नाही, आणि तुम्ही आत्तापासून त्याच्या जिभेची सोय करताय!

आणि घाई कसली आहे? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, ती महापालिकेत कराच. पण 1969 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नावाशिवायही नोंद होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. डिस्चार्जच्या गडबडीत कुणी फॉर्म पुढे केला तर तो रकाना खुशाल रिकामा ठेवा. एकदा भरलात की मात्र जपून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे आणि त्यावरचं स्पेलिंग जन्मभर मागे लागणार आहे. तेव्हा स्पेलिंगमध्ये जादाचे दोन 'ए' घालायला सांगणाऱ्या अंकशास्त्रवाल्याला दक्षिणा देण्याआधी ते स्पेलिंग एकदा फोनवरून कस्टमर केअरला सांगून बघा.