शेवटची दोन मिनिटे आणि टेबलावरचे घड्याळ

ब्लॅकटाउन : सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लॅकटाउन परिसरात भारतीय वंशाच्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे. क्रिकेटच्या जोडीने बास्केटबॉलचे सामनेही आता या कुटुंबांच्या वेळापत्रकात येतात. या सामन्यांत पालकांची भूमिका केवळ प्रेक्षकाची राहत नाही. ऑस्ट्रेलियातील स्थानिक स्पर्धांमध्ये गुण आणि वेळ नोंदवण्याचे काम बहुधा दोन्ही संघांच्या पालकांकडेच येते. पंचांच्या हाती शिट्टी असली तरी घड्याळाचे बटण या स्वयंसेवकांच्या बोटाखाली असते. सामना अटीतटीचा झाला की निकालाचा बराचसा भार त्या बोटावर पडतो.

गोंधळाचे पहिले कारण नियमांच्या बहुविधतेत आहे. अनेक स्थानिक सामन्यांत वेळ वाचवण्यासाठी घड्याळ सलग चालू ठेवले जाते आणि केवळ अखेरच्या काही मिनिटांत ते प्रत्येक शिट्टीला थांबवले जाते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार ते प्रत्येक शिट्टीला थांबतेच. याशिवाय चौथ्या सत्राच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या 2 मिनिटांत बास्केट झाल्यावरही ते थांबवावे लागते. अमेरिकेच्या ‘एनबीए’त पहिल्या तीन सत्रांच्या अखेरच्या मिनिटातही बास्केटनंतर घड्याळ थांबते. तिथे मैदानावरील खेळाडू स्वतः टाइम-आउट मागू शकतो. ‘फिबा’च्या नियमांत तो अधिकार फक्त प्रशिक्षक व सहप्रशिक्षकाला आहे. शेवटच्या 2 मिनिटांत बास्केट करणाऱ्या संघाला, पंचांनी खेळ थांबवला नसेल तर, त्या बास्केटनंतर टाइम-आउट मिळत नाही. दूरचित्रवाणीवर ‘एनबीए’ पाहून आलेल्या पालकाला हा निर्णय अन्याय वाटतो, आणि पंचाला नियम ठाऊक असूनही तो ठामपणे सांगता आला नाही तर गोंगाट वाढतो.

दुसरा प्रश्न सेकंदाच्या दशांशांचा. थ्रो-इनच्या वेळी 0.3 सेकंद किंवा अधिक वेळ उरला असेल, तरच खेळाडूला चेंडू हाती घेऊन नेम साधता येतो. 0.2 किंवा 0.1 उरले असतील तर चेंडू केवळ टोलवता येतो किंवा थेट रिंगमध्ये घालता येतो. या नियमाला अमेरिकेत जी घटना कारणीभूत ठरली ती 15 जानेवारी 1990 ची. न्यूयॉर्कच्या ट्रेंट टकरने शिकागोविरुद्ध 0.1 सेकंद शिल्लक असताना चेंडू घेतला, वळला, फेकला आणि सामना जिंकून दिला. एवढ्या वेळात हे मानवी शरीराला शक्य नाही. घड्याळ उशिरा सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ. थ्रो-इननंतर मैदानातील खेळाडूचा चेंडूला स्पर्श होताच घड्याळ सुरू व्हायला हवे. बटण दाबणाऱ्याची नजर फलकावर खिळली असेल, तर अर्धा सेकंद सहज निसटतो.

घड्याळाच्या चुकीचे सर्वांत कटू उदाहरण म्युनिकचे. 1972 च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात 3 सेकंद उरले असताना डग कॉलिन्सच्या फ्री थ्रोंमुळे अमेरिका 50-49 अशी पुढे गेली. टाइम-आउटच्या वादात खेळ थांबला. त्यानंतर महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा 3 सेकंदांवर आणायला लावले. ते नीट लावून होण्याआधीच खेळ सुरू झाला, म्हणून तेच सेकंद आणखी एकदा खेळवले गेले, आणि अलेक्झांडर बेलोव्हच्या बास्केटने सोव्हिएत संघ 51-50 असा जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेतो यांनी गुणपत्रिकेवर सही केली नाही. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

ही घटना आजही महत्त्वाची ठरते ती अधिकाराच्या प्रश्नामुळे. टेबलाला नियम सांगता आला नाही आणि पंचांचा शब्द चालला नाही, तेव्हा निर्णय प्रेक्षागृहातून खाली उतरलेल्या माणसाने घेतला. स्थानिक सामन्यात जोन्स यांची जागा संतापलेला पालक किंवा प्रशिक्षक घेतो. समोर असतात ते अनेकदा किशोरवयीन पंच. आरडाओरड ऐकून त्यांच्यातल्या काहींनी शिट्टी कायमची खाली ठेवली, तर नुकसान एका सामन्यापुरते राहत नाही.

यावर कॅमेरा हा उपाय नव्हे. लहान स्टेडियमला तो परवडणारा नाही. महागड्या यंत्रणेविनाही बरेच साधते. सामन्यापूर्वी पंचांनी टेबलावरील पालकांना दोन वाक्यांत सांगावे : कोणत्या क्षणापासून घड्याळ थांबवायचे आणि ते पुन्हा कधी सुरू करायचे. शेवटच्या मिनिटांत प्रत्येक शिट्टीसरशी एका पंचाने घड्याळावरचा आकडा लक्षात ठेवावा, म्हणजे चूक झाल्यास वेळ पूर्ववत करता येते. मुख्य पंचाने गुणपत्रिकेवर सही करेपर्यंत घड्याळाची चूक दुरुस्त करण्याची मुभा नियमच देतात. मात्र मूळ आकडा कोणाला आठवतच नसेल, तर ती मुभा निरुपयोगी ठरते.

कबड्डीत चढाईची वेळ 30 सेकंदांवर बांधण्याआधी खेळाडूचा दम हेच घड्याळ होते, आणि दम तुटला की नाही हे पंचाचा कान ठरवत असे. मराठी पालकांना त्यामुळे हा पेच अनोळखी नाही. क्लबांनी हंगामापूर्वी पंचांसाठी वर्ग घेताना टेबलावर बसणाऱ्या पालकांनाही त्यात बोलवावे. एका संध्याकाळचे हे काम आहे, आणि ते शेवटच्या मिनिटात शिकता येत नाही.