संदर्भ आधी सापडू द्या

मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ यांना,


आपल्याच विद्यापीठाच्या एका जुन्या शोधनिबंधाचा संदर्भ आधी देते. के. आर. गुंजीकर आणि डी. आर. कापरेकर, 'थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स', जर्नल ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे, खंड 8, भाग 3, नोव्हेंबर 1939, पानं 3 ते 9. कापरेकर म्हणजे 6174 या आकड्याचे धनी, देवळालीला शाळेत शिकवणारे, जन्माने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचे. 'डेम्लो' हे नाव त्यांनी आमच्या डोंबिवली स्टेशनावरून ठेवलं, कल्पना तिथेच सुचली म्हणून, असं सांगतात. 11 चा वर्ग 121, 111 चा वर्ग 12321, ही त्या घराण्यातली सर्वांत देखणी मंडळी. मानपाडा रोडवर राहणाऱ्या बाईला याचा थोडा अभिमान वाटला तर आपण समजून घ्याल.

पत्राचं कारण मात्र त्या संदर्भातलं 'भाग 3' हे आहे. खंडभर पानांचे आकडे सलग चालत असतील तर भागाचा क्रमांक गाळावा, असा नियम बऱ्याच शैलींत आहे. इथे भागही तिसरा आणि पानही तिसरं, म्हणजे दर भागाला पानं नव्याने मोजलेली. नियम डोळे झाकून लावला की राहतं 'खंड 8, पानं 3 ते 9'. स्वल्पविराम जागच्या जागी, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, खंड ठळक. आणि वाचक पहिल्याच भागातलं पान 3 उघडून भलताच लेख वाचत बसतो. दुसरा हमखास घोळ म्हणजे कुणीतरी 'बॉम्बे' खोडून 'मुंबई' करतं. विद्यापीठाचं नाव 1996 साली बदललं, 1939 च्या छापील नियतकालिकाचं बदललेलं नाही.

मी शास्त्रीय हस्तलिखितं संपादित करते. माझ्याकडे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडची संशोधक मुलं येतात, बहुतेक रसायनशास्त्राची. 'मॅडम, हा रेफरन्स बरोबर आहे का?' असं फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते 'गाइड म्हणाले व्हॅन्कुव्हरमध्ये करून आण, कधी मिळेल?' एका नियतकालिकाने निबंध परत पाठवला की दुसऱ्याला लेखक आणि साल हवं असतं. मग आकडे काढा, यादी वर्णानुक्रमे लावा. तिसऱ्याला नियतकालिकांची नावं संक्षिप्त हवी असतात. 2019 साली 'प्लॉस वन'मध्ये संशोधकांच्या एका पाहणीचा निबंध आला. त्यात एका हस्तलिखिताच्या एकूण मांडणीवर जाणाऱ्या वेळाचा मध्यांक 14 तास निघाला. म्हणजे दोन पूर्ण दिवसांचं काम, आणि त्यात विज्ञान काहीच नाही.

गंमत अशी की व्हॅन्कुव्हर शैली याच छळातून सुटका व्हावी म्हणून जन्मली. 1978 साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले आणि हस्तलिखिताचं एकच रूप आपण सगळे स्वीकारू असं त्यांनी ठरवलं. लेखकाला दर वेळी नव्याने टाइप करायला लागू नये, एवढाच हेतू. आज एल्सव्हियरसारखा बडा प्रकाशक आपल्या बऱ्याच नियतकालिकांत पहिल्या वेळी संदर्भ कुठल्याही शैलीत चालवून घेतो. यादीभर एकच शैली असली की झालं. आणि आपल्याकडे साध्या परिषदेच्या स्मरणिकेकडूनही पूर्णविराम कंसाच्या आत की बाहेर यावर लेख परत येतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधाचं साम्य तपासताना संदर्भसूची वगळतात. वगळायलाच हवी, कारण संदर्भ सगळ्यांचे सारखेच असणार. पण त्यामुळे सूची यंत्र वाचत नाही, गाइड वाचत नाहीत आणि परीक्षक तिची जाडी बघून पान उलटतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. ती नियतकालिक खरं, लेखक ओळखीचे, विरामचिन्हं बिनचूक आणि निबंध मात्र अस्तित्वातच नसलेला, असा संदर्भ क्षणात रचून देतात. डीओआय, म्हणजे निबंधाचा ओळख-क्रमांक, टाकून पाहावा तर निघतो दुसऱ्याच विषयाचा लेख. पूर्वी विस्कटलेल्या सूचीवरून मुलाची घाई कळायची. आता फार नीटनेटकी सूची आली की मला आधी शंका येते.

नावांचं दुखणं खास आपलं. 'पाटील एस.' म्हणजे सुरेश, सुनीता की संदीप? महाराष्ट्रातल्या कुठल्याही सूचीत हे कोडं असतं. त्यात लग्नानंतर बदललेली आडनावं. कमला भागवतांनी केंब्रिजला रॉबर्ट हिल यांच्यासोबत वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर 1939 साली 'नेचर'मध्ये लिहिलं. 1947 साली लग्न होऊन त्या कमला सोहोनी झाल्या, पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक. फक्त 'सोहोनी के.' शोधणाऱ्याला केंब्रिजचं ते काम सापडायचं नाही. यावर उपाय 2012 पासून आहे. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख-क्रमांक फुकट मिळतो, नाव बदललं तरी तो तोच राहतो.

म्हणून विनंती करते. प्रबंधात आणि विद्यापीठाच्या प्रकाशनांत संदर्भ कोणत्याही एका शैलीत चालतील असं जाहीर करावं, पण लेखक, साल, शीर्षक, खंड, भाग, पानं आणि असेल तिथे डीओआय यांतलं काही गाळलेलं चालणार नाही, असंही त्यातच लिहावं. नोंदणीच्या वेळीच ऑर्किड मागावं. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर हाताने वापरायला लावावं. ते 2006 पासून मोफत आहे आणि त्यात शैली बदलायला मिनिटही लागत नाही. तेही डोळस नव्हे, जालावरून उचललेला कचरा निमूट साठवतं आणि नाव-आडनाव उलटंही करतं, हे त्याच तासाला सांगावं.

आणि व्हायव्हात परीक्षकांनी सूचीतले कुठलेही दहा संदर्भ निवडावेत, विद्यार्थ्याने ते तिथेच उघडून दाखवावेत आणि आपण ते कशासाठी दिले ते सांगावं. एवढा वेळ कुठे आहे, असं म्हणणारे भेटतील. स्वल्पविरामांनी शिस्त लागते असं म्हणणारेही भेटतील. ज्याने मूळ निबंध उघडला आहे त्याला या परीक्षेला अर्धा तास पुरतो. ज्याने उघडला नाही, त्याला स्वल्पविरामाची शिस्त लावून काय मिळवणार?

यासाठी नवा निधी लागत नाही, समिती लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षाआधी एक परिपत्रक काढावं, ही विनंती.

आपली,
एक हस्तलिखित-संपादक
मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)